उणे एकोणतीस

...मत्सर? हो, वाटतो मला मत्सर! आमची ही, म्हणजे श्यामला, सकाळपासून चौथ्यांदा म्हणाली, "अहो, हा निव्वळ मत्सर आहे तुमचा." मी म्हटलं, आहेच! शंभर टक्के आहे! नसायला मी काय संत आहे? गणिताचा मास्तर आहे! तुम्हाला सांगतो, चौतीस वर्षं, पाचवी ते दहावी, याच पुण्यात खडू खाऊन खाऊन गणित शिकवलं मी. पानसे सर वर्गात आले की टाचणी पडली तरी आवाज यायचा... आवाज कसला, टाचणी पडायचीच नाही, टाचणीची हिंमत नव्हती! आणि आज माझ्या स्वतःच्या नातीला, एकुलत्या एक नातीला, बेरीज-वजाबाकी शिकवतंय कोण? रंगनाथराव! महापालिकेच्या उद्यान खात्यातून निवृत्त झालेले रंगनाथराव! मॅट्रिकला गणितात तीनदा गटांगळ्या खाल्लेले रंगनाथराव! मी पदरचं सांगत नाही हो, त्यांनीच सांगितलं होतं, लग्नाच्या बैठकीत, पोह्यांची बशी हातात घेऊन, हसत हसत! मला तेव्हाच कळायला हवं होतं. गणित माझं, नात माझी... आणि शिकवतात कोण? रंगनाथराव!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा पायऱ्या गाळतो. पायऱ्या गाळलेल्या मला चालत नाहीत. उत्तर बरोबर असलं तरी मी अर्धा मार्क कापायचो.

तर आमची मुलगी अस्मिता आणि जावई पुष्कर, दोघं असतात स्पेनमध्ये. वॅलेन्सियाला. संत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे म्हणतात. असेल. नागपूरही आहे. त्यांची मुलगी ऋचा, सात वर्षांची, दुसरीत. तिथल्या शाळेतल्या बाई तिला 'र्र्र्रीचा' म्हणतात, थंडीत रिक्षा सुरू करताना येतो ना, तसला आवाज काढून. मराठी बोलते हो पोरगी, छान बोलते, "आजोबा, तुमचा गुडघा काय म्हणतो?" असं विचारते. पण गणित? गणित सगळं स्पॅनिशमधून! बेरीज म्हटलं की नुसती बघत राहते आणि 'सुमा' म्हटलं की वही काढते. सुमा! आमच्या शाळेत घंटा द्यायला होत्या सुमाबाई, त्यांना कळलं तर त्या बिचाऱ्या हरखतील.

आणि हे रंगनाथराव म्हणजे पुष्करचे वडील. माझे व्याही. गेल्या वर्षी तीन महिने तिकडे राहून आले. जाणार आम्हीही होतो, पण तिकिटं निघायच्या आधी माझा गुडघा निघाला. शस्त्रक्रिया. मी इकडे वारज्यात उशीवर पाय ठेवून पडलेला आणि हे तिकडे बागेत! बरं, गेलात तर गप्प बसा ना बाकावर! नाही! झाडाफुलांतला माणूस, तिथल्या म्हाताऱ्यांशी झाडांबद्दल बोलले, कुठल्या भाषेत बोलले ते त्यांचं त्यांना ठाऊक, आणि नव्वद दिवसांनी परत आले ते स्पॅनिश बोलत! व्याकरण शून्य! क्रियापद चालवता येत नाही! पण बोलतात! धाडधाड बोलतात! तिकडे आजोबाला म्हणतात 'आबुएलो', म्हणून ऋचा यांना लाडानं 'आबू' म्हणते. आबू! आबू म्हणजे काय, माउंट आबू? आणि मी? मी नुसता आजोबा. आधार कार्डावर शोभेल असा.

आता शनिवारचं ऐका. शनिवारी दुपारी चारला आमचा व्हिडिओ कॉल असतो. असतो म्हणजे असायचा. मी दुपारची झोप मोडून... पुण्यातल्या माणसानं दुपारची झोप मोडणं म्हणजे काय हे तुम्हाला वेगळं सांगायला नको... तर झोप मोडून, इस्त्रीचा शर्ट घालून, चष्मा पुसून फोनसमोर बसतो. अस्मिता पडद्यावर येते, "बाबा, पाचच मिनिटं हं, ऋचाचं गणित चाललंय. आबूंबरोबर. दुसऱ्या फोनवर." दुसऱ्या फोनवर! म्हणजे मी पहिल्या फोनवर, पस्तीस मिनिटं, वॅलेन्सियाच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसलोय, आणि मागून आवाज येतोय, "आबू, ओचो मास दोस?" आणि हे ओरडतायत, "दिएस!" आणि दोघं हसतायत! खो खो! अहो, आठ अधिक दोन दहा! यात हसण्यासारखं काय आहे? चौतीस वर्षांत माझ्या वर्गात दहाला कुणी हसलं नाही!

मी म्हटलं, "अस्मिता, अगं गणित आहे ना? मग मी आहे ना! मला दे तिला!" तर काय म्हणाली? "बाबा, पण तुम्हाला स्पॅनिश कुठे येतं?" ...लागलं हो मला ते. फार लागलं. ज्या मुलीला मी या मांडीवर बसवून पाढे शिकवले, पावकी, निमकी, दिडकी सगळं, ती म्हणते तुम्हाला येत नाही. गणित माझं, नात माझी... मी श्यामलाकडे बघितलं. म्हटलं ही तरी काही धीराचं बोलेल. ती मटार सोलत होती. म्हणाली, "शिका मग." बास. एवढंच. सदाशिव पेठेतलं माहेर आहे, शब्द वाया घालवत नाहीत.

मग लावला क्लास! इथेच वारज्यात, चष्म्याच्या दुकानाच्या वर. सकाळी साडेसातची बॅच. सगळी पोरं पंचविशीतली, कंपनी बदलायची म्हणून भाषा शिकणारी, पाठीला सॅक, कानात बोंडं, आणि मधोमध मी, दोनशे पानी वही आणि पट्टी घेऊन. पट्टी बघून शेजारच्या मुलानं विचारलं, "काका, हे कशाला?" मी म्हटलं, समास आखायला. त्यानं मोबाइलमध्ये शोधलं, समास म्हणजे काय ते.

आणि शिकवायला कोण असेल? दार उघडून एक मुलगी आत आली, माझ्याकडे बघून जागच्या जागी थांबली. "सर... तुम्ही?" मिसबा! आठवी ब, तिसरा बाक, खिडकीजवळ! कसबा पेठेत घर, वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, माझं हे घड्याळ त्यांनीच दोनदा दुरुस्त केलेलं. मला फार आनंद झाला... आणि मग एकदम आठवलं की हिच्या प्रगतिपुस्तकावर मी काय लिहिलं होतं. 'हुशार आहे, पण पायऱ्या गाळते.' तुम्हाला सांगतो, मास्तरांनी कुणाच्या प्रगतिपुस्तकावर काहीही लिहिताना दहादा विचार करावा. आयुष्य लांबलचक असतं हो.

पहिल्या दिवशी आकडे. उनो, दोस, त्रेस, क्वात्रो, सिंको. आमची ऋचा सिंकोला 'थिंको' म्हणते, मला इतके दिवस वाटायचं पोरीचे पुढचे दात पडलेत म्हणून, तर मिसबा म्हणाली, "नाही सर, स्पेनमध्ये सगळेच तसं म्हणतात." म्हणजे अख्ख्या देशाचे दात पडलेत! पुढे अकरा म्हणजे ओंसे, बारा म्हणजे दोसे... आता बाराला दोसे म्हटल्यावर मला भूक लागली, तो भाग सोडा... तेरा त्रेसे, आणि हजेरीत माझं नाव आलं, तर मागून तो रविराज म्हणून एक कार्टा आहे, तो म्हणतो, "ओंसे, दोसे, त्रेसे, पानसे!" हशा! मिसबानं ओठ दाबून धरले. मी म्हटलं, हस बाई, हस, आठवीत हसायची परवानगी नव्हती, आता हसून घे. आणि गुणिलेला काय म्हणतात माहितेय? 'पोर'! दोस पोर त्रेस! आमच्यात गुणाकार झाला की पोर होतं, यांच्यात पोर झाल्याशिवाय गुणाकारच होत नाही!

पण खरी फजिती पुढे. दुसऱ्या आठवड्यात मिसबा म्हणाली, "आज आपण आकड्यांचा सराव करायचा. सोपी सोपी गणितं. मी सांगते, एकेकानं फळ्यावर मांडायचं. पहिले पानसे सर! सरांना काय, हातचा मळ." मी उठलो. पाठ ताठ केली. त्या पोरांकडे एक नजर टाकली, म्हटलं आता बघा. गणित आहे. माझ्या अंगणात आलायत तुम्ही. मिसबा म्हणाली, "त्रेइंता इ सिएते मास दिएस." मी सर्रकन लिहिलं, त्र्याहत्तर अधिक दहा बरोबर त्र्याऐंशी, खाली दोन रेघा मारल्या, आणि वळलो. मिसबा हळूच म्हणते, "सर... त्रेइंता म्हणजे तीस. तीस आणि सात. सदतीस. उत्तर सत्तेचाळीस."

अहो, पण चूक कुणाची? मला सांगा! आपण काय म्हणतो? सदतीस! आधी सात, मग तीस! पहिला कानावर पडेल तो एकक, मागून येईल तो दशक. त्रेसष्ट वर्षांची सवय आहे या कानाला! आणि यांचं सगळं उलटं, आधी दशक, मग एकक! मी त्रेइंता ऐकलं, तीन एककाच्या घरात बसवला, सिएते ऐकलं, सात दशकाच्या घरात बसवला, गाडी सुटली! बेरीज चुकलीय का? बेरीज अजिबात चुकलेली नाही! पण चौतीस वर्षांच्या नोकरीत कधी झालं नाही ते झालं, फळ्यावर माझं उत्तर खोडलं गेलं. आणि खोडलं कुणी? आठवी ब!

दुसऱ्या दिवशी मी घरून तयारी करून गेलो. म्हटलं आता फसायचं नाही. मिसबा म्हणाली, "बेइंते मास नुएवे?" वीस अधिक नऊ. उत्तर तोंडावर, एकोणतीस! आता एकोणतीसला स्पॅनिशमध्ये काय? मी विचार केला, पद्धतशीर, पायरी पायरीनं. एकोणतीस म्हणजे काय? एक ऊन तीस. एकानं कमी तीस. एक म्हणजे उनो, कमी म्हणजे मेनोस, तीस म्हणजे त्रेइंता. छाती पुढे काढून म्हटलं, "उनो मेनोस त्रेइंता!" मिसबानं हातातला मार्कर खाली ठेवला. म्हणाली, "सर, हे तर एक वजा तीस झालं." मी म्हटलं, बरं मग? "म्हणजे उणे एकोणतीस, सर." ...आणि मग, तुम्हाला सांगतो, माझ्याच आवाजात, माझ्याच सुरात, मान तिरकी करून ती म्हणाली, "पायऱ्या सगळ्या दाखवल्यात, सर. फक्त उत्तर अठ्ठावन्ननं चुकलंय." अठ्ठावन्न! निवृत्तीचं वय! योग्य वयात चुकलो म्हणायचं.

आणि एवढ्यावर भागलं असतं तरी मी सोसलं असतं हो. पण याच्या मुळाशी जे आहे ना, ते माझं मलाच माहीत. मध्ये काही वर्षांपूर्वी ते नवीन पुस्तक आलं होतं, आठवतंय? त्रेसष्ट म्हणायचं नाही म्हणे, मुलांना जड जातं, 'साठ-तीन' म्हणा! सत्तेचाळीस नको, 'चाळीस-सात' म्हणा! मी पेटलो होतो तेव्हा! स्टाफरूममध्ये टेबलावर हात आपटून म्हणालो होतो, उद्या आईला काय म्हणाल, 'बाबांची बायको'? वर्तमानपत्रांना अकरा पत्रं लिहिली. अकरा! तीन छापून आली, त्यातलं एक अर्धं. आज मी त्रेसष्ट वर्षांचा आहे. साठ-तीन नाही, त्रेसष्ट! आणि आता या वयात सकाळी साडेसातला, चष्म्याच्या दुकानाच्या वर उभा राहून मी काय घोकतोय? सेसेंता इ त्रेस! साठ आणि तीन! अख्खा देश म्हणतो हो! कुणाला पत्र लिहिणार?

आणि हे रंगनाथरावांच्या कानावर गेलं. कुणी घातलं, विचारू नका, घरात मटार सोलणारी एकच व्यक्ती आहे. त्यांचा लगेच फोन, "काय पानसे, शेवटी साठ-तीनवर आलात म्हणे! अहो, मला लहानपणी कुणी साठ-तीन म्हणू दिलं असतं ना, तर मॅट्रिक पहिल्या फटक्यात झालो असतो!" आणि हसतायत. हा माणूस सतत हसत असतो! झाडांना पाणी घालून घालून माणूस इतका आनंदी होतो, हे मला आधी माहीत असतं तर मीही उद्यान खात्यातच गेलो असतो.

पण मी जिद्द सोडली नाही. सराव! रोज सराव! सिग्नलला उभा राहून मी गाड्यांच्या नंबरप्लेटी स्पॅनिशमध्ये वाचायला लागलो. पुलाखाली एकदा असाच पुटपुटत बोटांवर काहीतरी मोजत होतो, तर एक स्कूटरवाली ब्रेक मारून थांबली, "काका, हेल्मेट आहे हो, डिकीत आहे! फोटो नका काढू!" दुसरा एक जण सिग्नल लाल आहे म्हणून चक्क थांबला! वारज्यात! भाषा शिकण्याचे समाजाला असेही फायदे असतात.

असे तीन महिने गेले. दर शनिवारी मी वेटिंगला, मागून आबू आबू, खो खो, आणि मी मनातल्या मनात सेसेंता की सेतेंता, साठ कुठला आणि सत्तर कुठला. गणित माझं, नात माझी... म्हणा, तुम्ही पण म्हणा आता... आणि शिकवतात कोण?

आणि मग तो शनिवार आला. फोन लावला, तर त्या दिवशी वेटिंग नाही. अस्मिता समोर, चेहरा उतरलेला. पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकोनात रंगनाथराव, त्यांचाही चेहरा उतरलेला. मागे ऋचा, डोळे लाल. म्हटलं झालं काय? अस्मिता म्हणाली, "बाबा, शाळेनं बोलावलं होतं. ऋचा आकडे उलटे लिहिते. बाईंनी सत्तेचाळीस सांगितलं की ही चौऱ्याहत्तर लिहिते. सगळी चाचणी चुकलीय. तज्ज्ञांना दाखवा म्हणाले." रंगनाथराव म्हणतात, "अहो, पण तोंडी सगळं बरोबर सांगते! आम्ही आपले तोंडीच खेळतो, लिहायचं आम्ही ठेवलंच नाही कधी." आणि ऋचा रडत म्हणते, "मला गणित नकोच!"

तुम्हाला सांगतो, माझ्या नातीच्या तोंडून 'गणित नको'! मत्सर-बित्सर सगळा गेला त्या क्षणी. म्हणजे, गेला असं मला वाटलं.

मी म्हटलं, "ऋचा, बाळा, इकडे बघ. तुमच्या बाई 'क्वारेंता इ सिएते' म्हणाल्या, की तू मनात काय म्हणतेस?" तिनं नाक पुसलं. हळूच म्हणाली, "सत्तेचाळीस." "आणि मग आधी काय लिहितेस?" "सात. सत्ते आधी येतं ना, आजोबा."

सत्ते आधी येतं ना! अहो, पोरीला काही झालेलं नव्हतं हो! तिथल्या वर्गात बसून ती मनात मराठी म्हणत होती आणि म्हणेल तसं लिहीत होती! माझी चूक कानाची, तिची हाताची, पण खड्डा तोच! त्या खड्ड्यात मी स्वतः पडलो होतो म्हणून मला दिसला! पण मग पुढचा विचार आला. हिला सत्तेचाळीस शिकवलं कुणी? मी! चार वर्षांची होती तेव्हा, याच फोनवर, रोज दहा आकडे, एक ते शंभर, घोटून घोटून. म्हणजे तिची चूकही माझीच निघाली.

मी म्हटलं, "अस्मिता, डॉक्टर-बिक्टर काही नको. मला दोन आठवडे दे." आणि ऋचाला म्हटलं, "हे बघ, शाळेत लिहिताना सत्तेचाळीस म्हणायचं नाही. म्हणायचं..." शब्द येईना हो. अकरा पत्रं डोळ्यांपुढून गेली. अर्धं छापलेलं सुद्धा गेलं. श्यामला मटार ठेवून दारात उभी. रंगनाथराव चौकोनात कान टवकारून. "म्हणायचं... चा... चाळीस-सात." बोललो! बोललो एकदाचा! रंगनाथराव हसले नाहीत, हं. पहिल्यांदाच. ऋचानं म्हटलं, "चाळीस... सात," आणि लिहिलं. सत्तेचाळीस! बरोबर! मग मी तिला माझी क्लासची वही दाखवली. लाल फुल्याच फुल्या. त्र्याहत्तर अधिक दहा दाखवलं. उणे एकोणतीस दाखवलं. तिला म्हटलं, "बघ, आजोबा पण चुकतात." पोरगी आधी बघतच राहिली, आणि मग जी हसायला लागली, "आजोबा, उनो मेनोस त्रेइंता? उनो मेनोस त्रेइंता!" खो खो! माझ्याबरोबर! माझ्या फोनवर! पहिल्या फोनवर! रंगनाथरावांचा चौकोन पंधरा मिनिटं नुसता बघत होता.

मग रोज. तिची शाळा सुटायच्या वेळेला मी इकडे वही घेऊन तयार. ती मला गणित घालायची, मी चुकायचो, ती तपासायची. सुरुवातीला खरंच चुकायचो. नंतर थोडं... असो. दोन आठवड्यांनी चाचणीत वीसपैकी एकोणीस. तिच्या बाईंनी चिठ्ठी पाठवली, 'ऋचाच्या आबुएलोंचे अनेक आभार.' अस्मितानं ती घरच्या ग्रुपवर टाकली. मी म्हटलं, उत्तर द्यायचं तर व्याकरणशुद्ध. शब्दकोश काढला, त्या अक्षरांवरच्या टिकल्या मोबाइलमध्ये कुठे असतात ते शोधलं, चष्मा बदलला, वीस मिनिटं लागली. आणि पाठवणार, तेवढ्यात खाली रंगनाथराव! 'दे नादा!' म्हणजे 'अहो, आभार कसले!' अंगठा, फूल, झाड! आभार माझे, आणि स्वीकारतात कोण? रंगनाथराव!

मी फोन लावला. म्हटलं, "ऋचा, तुमच्या बाईंना सांगितलंस का, कुठले आबुएलो ते?" म्हणाली, "हो, सांगितलं ना. आबुएलो के से एकिवोका!" मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी क्लासला मिसबाला विचारलं. ती एकदम गंभीर झाली. खिडकीबाहेर बघायला लागली. मग म्हणाली, "सर, त्याचा अर्थ होतो... 'चुकणारे आजोबा'."

चुकणारे आजोबा! चौतीस वर्षं गणित शिकवून स्पेन देशात ही पदवी! आणि तुम्हाला खोटं नाही सांगत, जिना उतरताना मला इतका आनंद झाला होता की गुडघा दुखतोय हेच विसरलो. आबू काय, कुणीही होतं. पण चुकणारे आजोबा जगात एकच!

...एकच, असं आपलं मी समजून चाललो होतो. परवाच्या शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून फोन लावला. अस्मिता म्हणाली, "बाबा, पाचच मिनिटं हं..." भिंतीवर तेच कॅलेंडर. आणि मागून आवाज, "आबू, ओचो मास दोस?" "नुएवे!" "नाहीऽऽ!" खो खो खो! "सिएते!" "नाहीऽऽऽ, आबू!" खो खो खो खो! चुकतायत! रंगनाथराव चुकतायत! मुद्दाम की खरंच, ते त्यांनाही सांगता येणार नाही! मी श्यामलाकडे बघितलं. ती म्हणाली, "अहो, मग तुम्ही जास्त चुका."

आता तिला काय सांगू? बरोबर यायची स्पर्धा असती, तर मी एकेकाला बघून घेतलं असतं. पण चुकायची? अहो, मॅट्रिकला गणितात तीनदा बसलेला माणूस आहे तो... माझा कुठे निभाव लागणार!